डोप केलेल्या सिलिकॉनचे तापमान सेन्सर: डोपंट जागचा हलत नाही, मग वाचन का सरकतं?

रोधक (धागालेखक)

तापमान मोजायचं म्हटलं की प्लॅटिनम, थर्मिस्टर आणि थर्मोकपल ही नावं लगेच पुढे येतात. सिलिकॉनचा साधा रोध मात्र बऱ्याच जणांच्या गावीही नसतो. मी चिपमधल्या डिजिटल सेन्सरबद्दल बोलत नाहीये. फॉस्फरसचं हलकं डोपिंग केलेला (म्हणजे मुद्दाम थोडे फॉस्फरसचे अणू मिसळलेला; मिसळलेला अणू तो डोपंट) सिलिकॉनचा तुकडा, त्याला दोन टोकं, आणि तापमानाबरोबर वाढणारा रोध, बस. केटीवाय८१, केटीवाय८३, केटीवाय८४ हे अशा सेन्सरचे प्रकार ज्यांनी हाताळलेत त्यांना कळलं असेल.

आधी हे चालतं कसं ते सांगतो. फॉस्फरसचा जादा इलेक्ट्रॉन फक्त ४५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टने बांधलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन मोकळे असतात. म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या कणांची, वाहकांची, संख्या ठरलेली. तापमान वाढलं की जालकाची (स्फटिकातल्या अणूंच्या जाळीची) थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉनची गतिशीलता घटते, हलक्या डोपिंगला साधारण निरपेक्ष तापमानाच्या उणे २.४ घाताने. म्हणून रोध वाढतो. २.४ ला ३०० केल्विनने भागलं की ०.००८ येतात, म्हणजे अंशाला ०.८ टक्के. डेटाशीटमध्ये २५ अंशांना ०.७९ च्या आसपास आकडा दिसतो, तो इथूनच आलेला. प्लॅटिनमचा ०.३८५. सिलिकॉन सरळ दुप्पट संवेदनशील आहे.

मग डोपिंग किती ठेवायचं? (खाली ^ म्हणजे घात, आणि सगळे आकडे घन सेंटीमीटरला.) फार कमी ठेवलं तर सिलिकॉनचे स्वतःचे, उष्णतेने सुटलेले वाहक लवकर डोईजड होतात. खोलीच्या तापमानाला ते १०^१० च्या घरात असतात, पण तिथून सुरुवातीला दर आठ-नऊ अंशांनी दुप्पट होतात, वर गेल्यावर जरा सावकाश. १५० अंशांना १.५ × १०^१३, २०० अंशांना १०^१४, आणि ३०० अंशांना जवळपास २ × १०^१५. ते डोपिंगच्या बरोबरीला आले की रोध वाढायचं सोडून घसरायला लागतो. एकाच रोधाला दोन तापमानं, म्हणजे सेन्सर निकामी. डोपिंग फार जास्त ठेवलं तर इलेक्ट्रॉन जालकाऐवजी डोपंटच्या आयनांवरच जास्त विखुरतात आणि संवेदनशीलता मरते. १०^१९ च्या पुढे ती अंशाला ०.१ टक्क्याच्या आसपास उरते. म्हणून खिडकी उरते १०^१४ ते १०^१५ ची. सिलिकॉनचे अणू ५ × १०^२२ असतात, तेव्हा १०^१५ म्हणजे पाच कोटी अणूंत एक फॉस्फरस.

आता धाग्याचा मुद्दा. हा फॉस्फरस वापरात हलत नाही. त्याच्या विसरणाची (स्फटिकात जागचं हलून पसरण्याची) सक्रियण ऊर्जा, म्हणजे त्यासाठी ओलांडावा लागणारा उंबरठा, सुमारे ३.६६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ३०० अंशांना दहा वर्षांत तो किती सरकेल याचं गणित केलं तर उत्तर दोन अणूंमधल्या अंतराच्या हजारांशाहूनही कमी येतं. तरीही सिलिकॉनच्या सेन्सरचं वाचन काळानुसार सरकतं, ही वस्तुस्थिती आहे. माझं म्हणणं असं की 'विश्वासार्ह सेन्सरसाठी डोपिंग' या विषयात डोपंटची निवड हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरा घोळ त्याच्यासोबत स्फटिकात आणि स्फटिकाभोवती जे काही येतं त्याचा. ज्यांनी वेफर (सिलिकॉनच्या चकत्या), पॅकेजिंग, प्रमाणन (कॅलिब्रेशन) यांपैकी काही जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं.

उत्सुक_वाचक

छान सुरुवात. दोन बाळबोध शंका. फॉस्फरसचा एन-प्रकारच (वाहक इलेक्ट्रॉन) का, बोरॉनचा पी-प्रकार (वाहक होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) का नाही? आणि एवढ्याशा तुकड्याचा रोध नेमका १००० ओहम कसा आणतात? कापताना आकारात फरक पडतच असणार.

रोधक

दुसरी शंका बाळबोध अजिबात नाही, तीच या सेन्सरची गंमत आहे. आकाराचा संबंधच तोडून टाकलाय. वरच्या ऑक्साइडमध्ये एक बारीक गोल भोक, तिथे संपर्क. खालचा सगळा पृष्ठभाग दुसरा संपर्क. प्रवाह भोकातून आत शिरतो आणि पंख्यासारखा पसरतो. जवळजवळ सगळा रोध भोकाच्या लगतच्या भागात असतो, त्यामुळे तुकडा थोडा जाड, थोडा रुंद असला तरी फरक पडत नाही. रोध म्हणजे रोधकता (आकारावर न ठरणारा, पदार्थाचा स्वतःचा गुण) भागिले भोकाच्या व्यासाची दुप्पट. समजा रोधकता ५ ओहम-सेंटीमीटर (१०^१५ च्या आसपासचं डोपिंग) आणि भोक २० मायक्रॉन, तर ५ भागिले ०.००४, म्हणजे १२५० ओहम. भोकाचा व्यास लिथोग्राफीने (प्रकाशाने आकृती छापण्याच्या पद्धतीने) ठरतो आणि ती अचूक असते. उरली ती रोधकता.

पी-प्रकाराबद्दल वेफरवाल्यांनी बोलावं.

वेफरवाली

आले, आले.

संवेदनशीलतेच्या दृष्टीने बोरॉन वाईट नाही. होलच्या गतिशीलतेचा घात २.२ च्या आसपास, म्हणजे अंशाला ०.७३ टक्के. उलट एका बाबतीत बोरॉन वरचढ आहे. वितळातून स्फटिक ओढताना डोपंट घनात कमी आणि द्रवात जास्त राहतो. बोरॉनचं घन-द्रव प्रमाण ०.८, फॉस्फरसचं ०.३५. वितळाचा ८० टक्के भाग गोठेपर्यंत बोरॉनचं डोपिंग सुरुवातीच्या १.४ पट होतं, फॉस्फरसचं २.८ पट. म्हणजे एकाच कांडीच्या दोन टोकांचे वेफर म्हणजे दोन वेगवेगळे माल.

पण बोरॉनला सोबती फार. हायड्रोजन त्याच्याशी जोडी करून त्याला निष्क्रिय करतो, आणि साधारण दीडशे अंशांच्या पुढे ती जोडी सुटू लागते. लोखंडाचा अंश असेल तर लोखंड-बोरॉन जोड्या होतात, त्याही दोनशे अंशांच्या आसपास मोडतात आणि थंड झाल्यावर परत जुळतात. म्हणजे सेन्सरच्या कामाच्या पट्ट्यातच सक्रिय बोरॉनची संख्या खालीवर होऊ शकते. रोधकरावांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर: डोपंट हलला नाही, त्याच्या शेजारी येणाराजाणारा हलला.

आता फॉस्फरसच्या असमानतेवर इलाज. सगळ्यात देखणा इलाज म्हणजे डोपिंग न करताच डोपिंग. शुद्ध सिलिकॉनची कांडी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायची. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये ३.१ टक्के सिलिकॉन-३० असतं. ते न्यूट्रॉन गिळून सिलिकॉन-३१ होतं, आणि २.६ तासांच्या अर्धायुष्याने त्याचा फॉस्फरस-३१ होतो. १९६१ मध्ये हे करून दाखवलं गेलं होतं, पुढे सत्तरच्या दशकात जास्त व्होल्टेजच्या थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचसाठी त्याचा उद्योग झाला. सिलिकॉन-३० सगळीकडे सारखं विखुरलेलं आणि सिलिकॉन न्यूट्रॉनना जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे फॉस्फरसही सारखा पसरतो. १०^१५ साठी चौरस सेंटीमीटरला सुमारे ६ × १०^१८ औष्णिक (संथ) न्यूट्रॉन लागतात. नंतर दोन कामं उरतात. एक, वेगवान न्यूट्रॉनांनी मोडलेलं जालक भट्टीत तापवून दुरुस्त करणं. दुसरं, वाट पाहणं, कारण थोडा फॉस्फरस-३१ पुन्हा न्यूट्रॉन गिळून किरणोत्सारी फॉस्फरस-३२ होतो आणि त्याचं अर्धायुष्य १४ दिवसांचं आहे.

आणि आता खरा चोर: ऑक्सिजन. क्वार्ट्‌झच्या मुशीतून ओढलेल्या स्फटिकात ऑक्सिजन १०^१८ च्या घरात असतो, म्हणजे तुमच्या डोपिंगच्या हजार पट. एरवी तो गप्प असतो. ३५० ते ५०० अंशांमध्ये, विशेषतः ४५० ला, त्याचे पुंजके बनतात आणि ते इलेक्ट्रॉन द्यायला लागतात. ॲल्युमिनियमचा संपर्क पक्का करायला वेफर नेमका याच पट्ट्यात तापवतात! समजा डोपिंग ४ × १०^१४ आहे आणि त्या अर्ध्या तासात १०^१३ ची जरी भर पडली, तर ती अडीच टक्के. तापमानाच्या भाषेत तीन अंशांहून जास्त. साडेसहाशे अंशांच्या वर तापवून झटपट थंड केलं की हे पुंजके मोडतात, पण त्यानंतर प्रक्रियेत पुन्हा ४५० आलं की पुन्हा तेच. म्हणून मुशीविना, फ्लोट झोन पद्धतीने वाढवलेलं सिलिकॉन घ्यावं. तिथे ऑक्सिजन शंभरपटीने कमी किंवा त्याहूनही खाली असतो.

उत्सुक_वाचक

बाप रे. एका प्रतिसादात एवढं. वाचतोय.

रोधक

वेफरवाली, दंडवत. एक पुरवणी. ही भर कारखान्यात एकदाच पडली तर प्रमाणनात धुऊन निघते. दुखतं ते वापरात हळूहळू पडलेल्या भरीने. दीडशे अंशांच्या सेन्सरला ऑक्सिजनची एवढी भीती नाही, तीनशेच्या सेन्सरला आहे, कारण तो त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षं बसतो.

खोलपातळी

तुम्ही सगळे ०.८ टक्क्यांवर समाधानी दिसता. खोल पातळीचे, म्हणजे ज्यांचा इलेक्ट्रॉन सुटायला बरीच जास्त ऊर्जा लागते असे डोपंट का विसरलात? सोन्याची ग्राहक (इलेक्ट्रॉन अडकवणारी) पातळी वहनपट्ट्याखाली (मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्याखाली) ०.५४ इलेक्ट्रॉनव्होल्टवर. त्यातून बीटा स्थिरांक (थर्मिस्टरच्या संवेदनशीलतेचं माप) ६००० केल्विनच्या वर जातो, म्हणजे खोलीच्या तापमानाला अंशाला ७ टक्के. सिरॅमिक थर्मिस्टर ४ टक्क्यांच्या आसपास असतात, आणि त्यांच्यातली कणसीमांची (बारीक स्फटिककणांमधल्या सांध्यांची) कटकट इथे नाही. एकसंध स्फटिक! ताश्कंदच्या संशोधकांनी निकेल, मँगनीज घातलेल्या सिलिकॉनवर वर्षानुवर्षं काम केलंय. संवेदनशीलता दहापट मिळत असताना प्लॅटिनमशी तुलना करत बसायचं कशाला?

रोधक

संवेदनशीलतेचा मुद्दा मान्य. पण धागा विश्वासार्हतेचा आहे, तेव्हा दोन आक्षेप.

पहिला, ही सगळी भरपाईची वजाबाकी आहे. फॉस्फरसने दिलेले इलेक्ट्रॉन सोन्याने अडकवून ठेवायचे. सोनं फॉस्फरसपेक्षा दोन टक्के कमी की दोन टक्के जास्त, यावर रोधकता कित्येक पटींनी बदलते. वेफरभर दोन्ही प्रमाणं तेवढी सारखी ठेवणं म्हणजे तारेवरची कसरत. सोनं तर स्फटिकात मुळातच सम पसरत नाही, पृष्ठभागांजवळ जास्त आणि मध्ये कमी असतं.

दुसरा, विसरण. फॉस्फरसचं गणित वर दिलंय. आता जालकाच्या फटीतून फिरणाऱ्या निकेलचं करा. ३०० अंशांना विसरणांक सेकंदाला १०^-७ चौरस सेंटीमीटरच्या आसपास. तासाभरात पाव मिलिमीटर, म्हणजे चिपची जाडी पार. भट्टीत जेवढं निकेल विरघळतं त्यातलं बरंचसं थंड होताना गोळा होऊन बसतं, विद्युतदृष्ट्या कामाचा हिस्सा थोडाच उरतो. जो कायमचा राहायला आलेलाच नाही त्याच्या भरवशावर दहा वर्षांचं प्रमाणन कसं करायचं?

खोलपातळी

सोन्याला आणि निकेलला एकाच काठीने हाणू नका. जालकात अणूच्या जागी बसलेलं सोनं तुमच्या कामाच्या तापमानाला हलत नाही. दीड-दोनशे अंशांखाली, अरुंद पट्ट्यात, जिथे अंशाचा हजारावा भाग हवा, तिथे हाच माल चालेल. उष्णतेचा बारीक बदल टिपायचा असेल तर निरपेक्ष अचूकतेपेक्षा संवेदनशीलता महत्त्वाची. आणि वजाबाकीचं म्हणाल तर सोनं भरपूर घाला, पातळी ०.५४ वर जखडली जाते, मग दोन टक्क्यांची भीती राहत नाही.

वेफरवाली

जखडली जाते हे खरं, पण ०.५४ म्हणजे निषिद्ध पट्ट्याचा (इलेक्ट्रॉनला मनाई असलेल्या ऊर्जापट्ट्याचा) जवळजवळ मध्य. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल दोघंही वाहतात. त्याच मालात प्रकाशाचा अंश शिरला तरी रोध बदलतो, तेव्हा आवरण पूर्ण अपारदर्शक हवं. फक्त बदल टिपणाऱ्या सेन्सरसाठी मात्र तुमचं म्हणणं पटतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. सोनं नेलेल्या भट्टीत नंतर कुणी दुसरे वेफर घालू देत नाही.

मोटारमित्र

मी ड्राइव्ह आणि मोटारींच्या बाजूचा. वाइंडिंगमध्ये केटीवाय८४ खूप बसवले गेले. १०० अंशांना १००० ओहम, पट्टा उणे ४० ते ३००. आता बऱ्याच ठिकाणी त्यांची जागा पीटी१००० हा प्लॅटिनमचा सेन्सर घेतोय. दुरुस्तीला आलेल्या मोटारींत एक गोष्ट हमखास दिसते: सेन्सर उलटा जोडलेला. रोध म्हटल्यावर लोकांना वाटतं ध्रुवता कसली! थंड असताना वाचन ठीकठाक येतं, मोटार खरी तापली की भरकटतं. असं का, ते मला कुणी भौतिकीच्या भाषेत सांगाल का?

रोधक

धागा काढल्यापासून या प्रश्नाची वाट पाहत होतो.

३०० अंशांना उष्णतेने सुटलेले वाहक २ × १०^१५ होतात हे वर आलंय. मग तो सेन्सर तिथे चालतोच कसा? उत्तर त्या भोकात आहे. भोकाखाली खूप डोप केलेला एन-थर असतो. भोकाची बाजू धन ठेवली की उष्णतेने तयार झालेले होल तिथून दूर ढकलले जातात, आणि एन-थराकडे बदली द्यायला होल जवळजवळ नसतात. भोकालगतचा भाग होलांपासून रिकामा होतो. विद्युत समतोल राखायचा म्हणून तिथले इलेक्ट्रॉनही डोपिंगच्या आकड्यावरच थांबतात. आणि सगळा रोध तर त्याच भागात आहे! त्यामुळे बाकीचा तुकडा बिघडला तरी मोजणारा भाग आणखी शंभरेक अंश शहाण्यासारखा वागतो. उलटं जोडलं की होल भोकाकडे ओढले जातात, तिथेच गर्दी करतात, आणि रोध लवकर कोसळतो. केटीवाय८१ मध्ये दोन भोकं उलटसुलट मालिकेत असतात म्हणून त्याला ध्रुवता नाही, पण त्याचा पट्टाही १५० अंशांवर थांबतो.

मोटारमित्र

आता कळलं. आणि त्याला काचेचं आवरण का असतं तेही. प्लॅस्टिक तीनशे अंशांना टिकणारच नाही.

प्रमाणनकार

काचेचा फायदा तेवढाच नाही. इतका वेळ कुणी ताणाबद्दल बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. माझ्या मते वाचन सरकण्याचं पहिलं कारण तोच, ऑक्सिजन नंतर.

सिलिकॉन दाबलं-ताणलं की त्याची रोधकता बदलते. १९५४ मध्ये स्मिथ या संशोधकाने मोजलेले गुणांक आजही वापरतो आपण. दाबमापक सेन्सर याच गुणावर चालतात, आणि तापमापक याच गुणाने फसतात. एन-प्रकारात स्फटिकाच्या मुख्य अक्षावर गुणांक पास्कलला १०२ × १०^-११. १० मेगापास्कलचा ताण आला तर रोधात १ टक्का फरक, म्हणजे १.३ अंश. साच्यातलं प्लॅस्टिक थंड होताना आकसून चिपवर कित्येक दहा मेगापास्कल सहज टाकतं. स्थिर असतं तर प्रश्न नव्हता. पण प्लॅस्टिक ओलावा पितं, तापलं की सैलावतं, प्रत्येक तापचक्रात थोडं वेगळं बसतं. ५० अंशांना वर जाताना एक वाचन आणि खाली येताना दुसरं, हे दिसलं की मी आधी आवरणाकडे बोट दाखवतो.

इलाज: चिपची दिशा नीट निवडणं (दुसऱ्या अक्षावर हाच परिणाम तिसऱ्या हिश्शावर येतो), मऊ चिकटपट्टा, चिपवर मऊ थर, किंवा पोकळीचं आवरण. डोपिंग वाढवूनही ताणाचा परिणाम घटतो, पण त्यासोबत संवेदनशीलताही घटते. फुकट काही मिळत नाही.

उत्सुक_वाचक

म्हणजे तोच पदार्थ तापमापक, दाबमापक आणि वर प्रकाशमापकही. सगळ्यांना सगळं जाणवतंय.

शून्यकेल्विन

गरम टोकाकडे सगळी गर्दी झाली म्हणून थंड टोकाची एक वर्दी देतो. अतिथंडीत फॉस्फरसचे इलेक्ट्रॉन गोठतात, मग वरची सगळी कथा संपते. पण डोपिंग वाढवून धातू-विद्युतरोधक संक्रमणाच्या (जिथून पुढे सिलिकॉन धातूसारखं वाहू लागतं त्याच्या) जरा खाली ठेवलं (फॉस्फरससाठी ते संक्रमण साडेतीन × १०^१८ च्या आसपास) आणि थोडा बोरॉन भरपाईला घातला, तर इलेक्ट्रॉन एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात. रोध तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्तावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेल्या एक्सरिझम या क्ष-किरण खगोलशास्त्राच्या उपग्रहावरचं 'रिझॉल्व' उपकरण यावरच चालतं. ५० मिलीकेल्विनला ठेवलेले ३६ घटक, एकेक क्ष-किरण फोटॉन पडला की होणारी तापमानवाढ आयन रोपण केलेला (डोपंटचे आयन आत डागून डोप केलेला) सिलिकॉनचा थर्मिस्टर मोजतो. आधीच्या सुझाकू आणि हितोमी उपग्रहांवरही हीच जातकुळी होती. तिथे डोपिंगमध्ये जरा फरक पडला तर रोध कित्येक पटींनी बदलतो, म्हणून पातळ सिलिकॉन थरात रोपण करून भट्टीत डोपंट जाडीभर सम पसरवतात.

खोलपातळी

बघा, भरपाईची वजाबाकी अवकाशात चालते!

शून्यकेल्विन

चालते, पण ५० मिलीकेल्विनला काहीही विसरण पावत नाही हो. :)

रोधक

:)

उत्सुक_वाचक

शेवटचं विचारतो. पॉलिसिलिकॉन (बारीक स्फटिककणांचं सिलिकॉन) वापरलं तर? थर चढवणं सोपं, कुठल्याही चिपवर बसतं.

वेफरवाली

बसतं, आणि डोपिंग बदलून त्याचा तापमान गुणांक ऋण, धन किंवा जवळजवळ शून्यही करता येतो. पण कणसीमांवर हायड्रोजन येऊन-जाऊन रोध बदलत राहतो, आणि नायट्राइडच्या थरातून तो हायड्रोजन आयता मिळतो. दीर्घकाळ स्थिर तापमापकासाठी मी एकस्फटिकच घेईन.

प्रमाणनकार

नवीन माल तपासायचा असेल तर माझा क्रम असा. वेफर हातात आल्यावर चार टोकांनी रोधकता मोजायची, मग ४५० अंशांना मुद्दाम काही तास ठेवून परत मोजायची. इथेच फरक आला तर ऑक्सिजन, पुढे जाऊच नका. मग चिप उघडीच ठेवून पाण्याच्या त्रिबिंदूला (०.०१ अंश) आणि गॅलियमच्या द्रवणबिंदूला (२९.७६४६ अंश) वाचन घ्यायचं. मग आवरणात घालून तीच दोन वाचनं. जो फरक येईल तो ताणाचा. मग १५० अंशांना १००० तास आणि शेकडो तापचक्रं, आणि परत तीच दोन वाचनं. नुसत्या तापवण्याने सरकलं तर संपर्क किंवा पृष्ठभाग पाहा: ॲल्युमिनियमने सिलिकॉन खाल्लंय का, ऑक्साइडमध्ये सोडियम शिरलाय का. चक्रांनी सरकलं तर आवरण.

आणि प्रत्येक वेळी मोजणीचा प्रवाह तोच ठेवा. १ मिलिॲम्पिअरने १००० ओहममध्ये १ मिलिवॉट उष्णता होते. स्थिर हवेत तेवढ्यानेही वाचन वर चढतं, आणि लोक ते मालाच्या माथी मारतात.

रोधक

यात एक घालतो. उघडी चिप मोजताना दिवा बंद ठेवा. वेफरवालींनी प्रकाशाचं सोन्याबद्दल सांगितलं, पण हलक्या एन-प्रकारातही उजेडाने वाहक सुटतात आणि रोध कमी दिसतो. मग आवरण चढवल्यावर अंधार होतो, रोध वाढतो, आणि त्याचं खापर ताणावर फुटतं.